बटनावरचं कुंकू

लटारूभाऊनं रेडिओच्या मागचा खटका दाबला, दोन पावलं मागं सरून हात जोडले, आणि ओसरीपासून फाटकापर्यंत बसलेलं अख्खं गाव चिडीचूप झालं. रेडिओही चिडीचूप होता.

"दमानं घ्या," लटारूभाऊ म्हणाला. "गरम व्हाले वेळ लागते त्याले."

गावानं दम धरला. कुणीतरी शिंकलं, त्याच्याकडे चौघांनी डोळे वटारून पाहिलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. लटारूभाऊनं खटका वर केला, पुन्हा खाली केला. मग पेटीला कान लावला. आत मुंगी चालल्याचासुद्धा आवाज नव्हता. लटारूभाऊनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. ते शाळेतल्या गुरुजींचं होतं, आजच्यापुरतं मागून आणलेलं. पावणेपाच वाजले होते.

साडेपाचला इंदू गाणार होती.

इंदू ही लटारूभाऊ आणि नीलाबाईची एकुलती एक लेक. मागच्या अक्षय्य तृतीयेला नागपूरला दिली. जावई तारखात्यात. त्याच्याच खटपटीनं तिला नागपूरच्या रेडिओत गायला बोलावलं होतं: महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, साडेपाच वाजता, बायकांच्या कार्यक्रमात, महादेवाची गाणी. पत्र आलं तेव्हा लटारूभाऊनं ते पोंभुर्ण्याच्या बाजारात सतरा जणांना वाचून दाखवलं. गावातल्या बैलगाड्या एरवी त्या दिवशी सकाळीच मार्कंड्याच्या जत्रेला निघायच्या. यंदा त्या जुंपायच्याच थांबल्या. इंदूचं गाणं झाल्याशिवाय महादेवाकडे जायचं नाही, असं गावानं एकमतानं ठरवलं होतं.

नीलाबाईचं मात्र एवढं काही म्हणणं नव्हतं. तिला फक्त लेकीचा आवाज ऐकायचा होता. दहा महिने झाले होते. दिवाळीला यायची ती तापानं आली नाही, संक्रांतीला जावयाला रजा नव्हती. पत्रं यायची, पण पत्राला कुठं आवाज असतो? जात्यावर बसलं की समोरची रिकामी जागा पाहून नीलाबाईला ओवी सुचेनाशी झाली होती.

आणि आता त्या पेटीच्या समोर सगळं गाव तोंड वासून बसलं होतं, आणि पेटी का बोलत नाही हे सगळ्या गावात एकट्या नीलाबाईला माहीत होतं. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती.

त्याचं असं झालं होतं. चांद्याच्या दुकानदारानं रेडिओ देताना नागपूर लावून दिलं होतं आणि बजावलं होतं, "मागच्या खटक्याशिवाय कशाला हात लावू नका. समोरचं बटन हललं की नागपूर गेलं म्हणून समजा." लटारूभाऊनं हे वाक्य गुरूचा मंत्र घ्यावा तसं घेतलं. घरी आल्यावर रेडिओची पूजा केली आणि समोरच्या दोन्ही बटनांना वरच्या बाजूला कुंकवाचा एकेक ठिपका लावला. ठिपका वर तर नागपूर जाग्यावर, असा त्याचा हिशेब. घरादाराला शपथ घातली, कोणी हात लावायचा नाही. बॅटरी जपायची म्हणून दिवसातून एकदाच, संध्याकाळच्या बातम्यांना रेडिओ लागायचा.

पण लटारूभाऊ जेवण करून शेतावर गेला की दुपारी एकच्या सुमाराला घर कसं ओकंबोकं व्हायचं. एक दिवस नीलाबाईनं भीत भीत खटका दाबला. एक बाई बोलायला लागली, तीही इतक्या मोठ्यानं की नीलाबाईनं घाबरून हाताला येईल ते बटन फिरवलं. नागपूर काही गेलं नाही, बाईचा आवाज तेवढा लहान झाला. देवाच्यानं, काय आनंद झाला तिला! त्या दिवसापासून रोज दुपारी अर्धा तास ती ओसरीवर बसायची, खालच्या बटनावर हात ठेवून, आपल्याला ऐकू येईल एवढाच आवाज करून. उठताना ठिपका आठवणीनं पुन्हा वर.

आज दुपारीही तशीच बसली होती. तेवढ्यात ओसरीच्या बाजूला बांबूचा कुड आहे, त्याच्या मागं बापूजी खाकरले.

बापूजी म्हणजे लटारूभाऊचे थोरले भाऊ, नीलाबाईचे भासरे. भासऱ्यासमोर बाई डोक्यावरून पदर घेते, दाराआड उभी राहते आणि शब्द काढत नाही. इथली रीतच तशी. एकोणीस वर्षं ती त्या घरात होती, बापूजींचं घर मधली भाजीपाल्याची वाडी ओलांडली की लागायचं, आणि तिचा एक शब्दही कधी त्यांच्या कानावर गेला नव्हता. घरी कोणी गडीमाणूस नसताना बापूजी यायचे नाहीत, आणि यायचंच झालं तर आधी खाकरायचे. त्यात आज रेडिओतली बाई चांगली खणखणीत बोलत होती. भासऱ्यासमोर बाईमाणसाचा एवढा आवाज! नीलाबाईनं एका झटक्यात खालचं बटन पार तळापर्यंत फिरवलं, मागचा खटका बंद केला आणि पदर ओढून दाराआड पळाली. पण बापूजी खाकरले ते खाकरलेच, आत काही आले नाहीत. थोडा वेळ वाट पाहून ती विहिरीवर गेली आणि ठिपका खालीच राहिला.

आताही तो तिथून तिला दिसत होता. वरच्या बटनाचा ठिपका वर, खालच्याचा खाली. एवढा ढळढळीत! पन्नास माणसं डोळे लावून बसली होती आणि एकाला दिसेल तर शपथ. आणि रेडिओसमोर अगदी हातभर अंतरावर, बाजेवर मांडी घालून, बापूजी बसले होते.

"बॅटरी संपली," मुखरू म्हणाला. मुखरू आलापल्लीच्या लाकूड डेपोत दोन वर्षं होता. तिथल्या साहेबाच्या बंगल्यात त्यानं खिडकीतून रेडिओ पाहिला होता, त्यामुळं गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. "उन्हात ठेवा लागते. तापली का चालते."

"आता कुठी तेवढं ऊन?" लटारूभाऊ रडकुंडीला आला.

"मंग चुलीजवळ ठेवू."

"बॅटरी चांगली हाये," बापूजी एकदम म्हणाले.

"कायच्यावरून, दादा?"

बापूजींनी मिशीवरून हात फिरवला. "असंच. मले वाटते."

थोरल्यांनी म्हटलं म्हणून बॅटरी चुलीत जायची वाचली. नीलाबाईनं मनातल्या मनात भासऱ्यांना हात जोडले. मग तिनं दाराची कडी वाजवली. घरातली बाई नवऱ्याला बोलवायची ती अशीच.

"चहा आता नाई!" लटारूभाऊ तिकडूनच ओरडला.

मुखरूनं आता तारेवर बोट ठेवलं. घराच्या आढ्यावरून समोरच्या मोहाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ताणलेली होती. "तार ढिली झाली. हवेतला आवाज येईन कुठून? चढून जातो मी वर," असं म्हणून तो चढायलाही लागला.

"तारेलेही काही झालं नाई," बापूजी म्हणाले.

"हे कायच्यावरून, दादा?"

"वाटते."

"तुमाले तं आज लयच वाटून राह्यलं," लटारूभाऊ वैतागून म्हणाला आणि लगेच जीभ चावली. तोवर मुखरू छपरावर पोचला होता.

नीलाबाईनं कडी पुन्हा वाजवली, या वेळी दार मोडेल अशी. लटारूभाऊ पाय आपटत आत आला. "काय हाये? तिकडं माहा जीव जाऊन राह्यला अन् तुले—"

"अवो, ऐका तं. ते खालचं बटन—"

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. छपरावर धाडधाड आवाज झाला, दहाबारा कवेलू अंगणात फुटले आणि त्यांच्यामागून मुखरू गुरांसाठी रचलेल्या तणसाच्या ढिगात येऊन पडला. लटारूभाऊ बाहेर धावला. मुखरूला फारसं लागलं नव्हतं, पण पडताना तो तारेलाच लोंबकळला होता, त्यामुळं आधी नसेल तर आता ती खरोखर ढिली झाली होती. चौघांनी मिळून ती ओढून बांधली. पाच वाजून पाच मिनिटं.

"जमिनीतली तार!" मुखरू कमरेवर हात ठेवून म्हणाला. माणूस पडला, पण हटला नाही. "ते ओली लागते. साहेबाचा शिपाई रोज पाणी टाके."

दुसरी तार ओसरीवरून न्हाणीजवळ जमिनीत गाडलेली होती. वारलू नावाचा शेजारी बादली घेऊन मागच्या अंगणात आला. वारलू नात्यानं दीर, त्याच्याशी बोलायला नीलाबाईला हरकत नव्हती. तिनं त्याची बादलीच धरली.

"भाऊजी, पाणी राहू द्या. त्यायले जाऊन सांगा, समोरचं खालचं बटन उजवीकडं फिरवा म्हणा. कुंकू वर येईस्तोवर. माहं नाव नोका सांगू."

"बरं," वारलू म्हणाला आणि निरोप पोचवायला ओसरीवर गेला. वारलू भला माणूस, पण त्याच्या पोटात काही राहायचं नाही.

"वहिनी म्हणते, खालचं बटन फिरवा, पण माहं नाव सांगू नोका म्हणते."

अंगणभर हशा पिकला. मुखरू तर कमरेचं दुखणं विसरून हसला. लटारूभाऊचे कान लाल झाले. "इंदूची माय काय रेडू शिकून आली का? शेठनं मले शपथ घातली हाये. बटन हाललं का नागपूर गेलं. मंग इंदू काय हैदराबादेतून गाईन?"

हसले नाहीत ते फक्त बापूजी. ते दाराकडे न पाहता म्हणाले, "फिरवून पाहाले काय हरकत हाये?"

"दादा, तुमच्या पाया पडतो. तुमी म्हणाल ते करीन, पण शपथ नोका मोडाले लावू. आज इंदूचं गाणं हाये."

मोठा भाऊ झाला तरी लेकीच्या नावानं घातलेल्या शब्दापुढं काय बोलणार? वारलूनं न्हाणीत अकरा बादल्या पाणी ओतलं. ते वाट काढून अंगणात आलं, बसलेली माणसं उठून उभी राहिली, बायकांनी लुगडी आवरली, आणि रेडिओ होता तसाच मुका राहिला. पाच वीस.

"रहीमभाईले बलवा!" कुणीतरी ओरडलं.

रहीमभाई बाजारात गॅसबत्त्या दुरुस्त करायचा. दहा गावांत लग्न असो की दंडारीचा खेळ, बत्ती भकभक करायला लागली की रहीमभाईच. बिचारा आज पाहुणा म्हणून मागं बसला होता, आपण होऊन काही बोलला नव्हता. लोकांनी त्याला जवळजवळ उचलूनच ओसरीवर आणलं.

"देखो भाऊ, मय बत्तीवाला आदमी," तो म्हणाला. "रेडू कदी खोलला नाई मी. बिघडलं तं मले बोलू नोका."

"आणखी काय बिघडणार हाये, रहीमभाई? तुमी खोला."

रहीमभाईनं पिशवीतून पक्कड, पिना आणि चिंधी काढली. रेडिओची मागची फळी निघाली. आत काचेचे चार दिवे होते. रहीमभाईचा चेहरा उजळला, कारण काच म्हटली की त्याचा प्रांत. "या दिव्यायले काजळी धरली असन. एकेक काढून पुसून देतो." त्यानं चिंधी खांद्यावर टाकली आणि पक्कड पुढं केली.

लटारूभाऊनं घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजून गेले होते. तो मटकन ओसरीच्या पायरीवर बसला आणि त्याच्या तोंडून शब्द निघाला, "पोरगी गाऊन राह्यली असन आता."

नीलाबाईच्या डोळ्यांपुढं सगळंच आलं. त्या पेटीत आत्ता, ह्या घटकेला, इंदू गात होती. आवाज आत कोंडला होता आणि तो कोंडला होता आपण. आता ती पक्कड त्या दिव्याला लागली की तो कायमचा जाणार. तिनं पदर सावरला, उंबरठा ओलांडला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्यासमोर तोंड उघडलं. उघडलं म्हणजे असं, की फाटकापाशी बांधलेला बैल दचकून उभा राहिला.

"हात नोका लावू त्याले!"

रहीमभाईची पक्कड हातातून गळली.

"काईच बिघडलं नाई. खालचं बटन मीनं तळाले नेलं. दुपारी रेडू मीच लावला होता. रोज लावत असते. काय कराचं ते करा मंग माहं, पण आधी माह्या लेकीले बोलू द्या!"

सगळ्यांनी आधी नीलाबाईकडे पाहिलं, मग बापूजींकडे. लटारूभाऊ उठून उभा राहिला. त्याला रागवायचं होतं, पण कशाकशाबद्दल आधी रागवावं, शपथ मोडली म्हणून, बॅटरी जाळली म्हणून की दादासमोर बोलली म्हणून, हे काही त्याला ठरवता येईना. "हे… हे खरं हाये?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"खरं हाये," बापूजी म्हणाले. "दुपारी एकले चांगलं चालू होतं. एक बाई आवळ्याचं लोणचं सांगत होती. फोडी उकडल्या अन् मीठ टाकाच्या आधी बंद झालं."

लटारूभाऊ थोरल्या भावाकडे पाहतच राहिला. "तुमाले कसं माहीत, दादा?"

बापूजींनी आढ्याकडे पाहिलं, न्हाणीकडे पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. "कुडामागं उभा होतो. वालाच्या शेंगा पाहाले आलो होतो."

"वालाचा वेल तं संक्रांतीलेच उपटला आपण."

"हो," बापूजी म्हणाले. मग खाली मान घालून म्हणाले, "दोन वर्षं झाले तुही वहिनी जाऊन. दुपारी घरात भांडं वाजत नाई. हे रेडू लावत होती, मी कुडाआड उभा राहून ऐकत होतो. घरी तू नाई, मंग आत कसं याचं? आज मिरचीची धास लागली अन् खोकला आला. खाकरलो नोहतो मी."

नीलाबाईनं तोंडाला पदर लावला. एवढा वेळ "बॅटरी चांगली हाये", "तारेले काही झालं नाई" हे सगळं बापूजींना कायच्यावरून वाटत होतं, ते तिला आता उमगलं. हसावं की रडावं तेच तिला कळेना. पण ती वेळ हसायची नव्हती आणि रडायची तर मुळीच नव्हती. ती भासऱ्यांच्या समोरून, अगदी त्यांच्या बाजेला लुगडं घासत, रेडिओपाशी गेली आणि कुंकवाचा ठिपका तिनं वर आणला.

आधी थोडी खरखर झाली. मग एक बारीक, जरा घाबरलेला, पण सुरात पक्का आवाज ओसरीभर पसरला. इंदूच होती. पार्वती महादेवाला नदीपार न्यायला सांगते ते गाणं, जात्यावर आईनंच शिकवलेलं. आईसारखीच ओळीच्या शेवटी जरा थांबून ती श्वास घेत होती. कार्यक्रमातलं पहिलं गाणं कधीच होऊन गेलं होतं, हे दुसरं होतं आणि तेही अर्ध्यावर आलेलं. कुणाची काही तक्रार नव्हती. चिखलात उभं राहून सगळं गाव ऐकत होतं. लटारूभाऊ पायरीवर पुन्हा बसला होता आणि गुरुजींच्या घड्याळावर त्याच्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं.

"इंदूची माय," बापूजी म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांनी तिला थेट हाक मारली ती हीच. "वाढव थोडं. शेवटची ओळ कमी येऊन राह्यली."

नीलाबाईनं वाढवलं.

गाणं संपलं आणि रात्र पडायच्या आत गाड्या मार्कंड्याला निघाल्या. जत्रा करून परत आल्यावर लटारूभाऊनं घरात हुकूम सोडला, "झालं ते झालं. पण दुपारी रेडू लावाचा नाई. बॅटरी संपते. कामाच्या वेळी रिकामी माणसं ऐकतेत असलं." आणि जेवण करून तो शेतावर गेला.

एक वाजता नीलाबाईनं मागचा खटका दाबला. त्याआधी तिनं कुडाच्या मागं, सावलीत, एक पाट आणि तांब्याभर पाणी नेऊन ठेवलं होतं. रेडिओतली बाई लिंबाच्या लोणच्यावर आली होती. थोड्या वेळानं कुडामागं पाट सरकल्याचा आवाज झाला आणि खोकला आला, बापूजींचा. नीलाबाईनं पदर सारखा केला, पण उठली नाही.

मग त्याच कुडामागून आणखी एक खोकला आला. तो दाबून दाबून आलेला होता आणि एकोणीस वर्षं रोज रात्री ऐकलेला होता, त्यामुळं ओळखायला तिला काही वेळ लागला नाही. शेतावर गेलेला माणूस तिथं उकिडवा बसला असणार, कारण पाट एकच होता.

नीलाबाईनं कुंकवाचा ठिपका जरा आणखी सरकवला, कुडापलीकडं आवाज नीट जाईल एवढा, आणि उद्यापासून तिथं दोन पाट ठेवायचे हे मनाशी ठरवून टाकलं.